घर बघायला जाताना कामाला येणारे डच शब्द



आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या लेकी-सुना आता नवऱ्याच्या नोकरीपायी नेदरलँड्सलाही जातात. आइंडहोव्हन, आम्स्टलव्हेन या शहरांत भारतीय कुटुंबांची चांगली वस्ती आहे. तिथे बाजारहाट इंग्रजीत भागतो. पण भाड्याच्या घराची जाहिरात आणि करार बऱ्याचदा डचमध्ये असतो. नवरा कामावर असला, तर घर बघायला तिलाच जावं लागतं. म्हणून जाण्याआधीच थोडे शब्द पाठ असू द्या. डच 'ग' घशातून 'ख'सारखा निघतो, एवढं लक्षात ठेवा.

घर बघण्याला म्हणतात 'बेझिख्तिखिंग'. भाडं म्हणजे 'ह्यूर' आणि डिपॉझिट म्हणजे 'बोर्ख'.

आता तीन शब्द नीट ऐका, कारण यातच पैसा अडकतो. 'खम्यॉबिलेर्त' म्हणजे पलंग, कपाट, टेबलासकट घर. 'खस्तोफेर्त' म्हणजे जमिनीवर आच्छादन आणि बहुधा पडदे असलेलं, पण सामान नसलेलं घर. तिसरा शब्द 'काल'. हे आपलं कालचं नव्हे हं! काल म्हणजे बोडकं. अशा घरात जमिनीवरचं आच्छादन, पडदे, दिवेसुद्धा नसू शकतात. भाडं कमी दिसतं म्हणून हो म्हटलं, तर हा सगळा खर्च आपल्या माथी येतो.

'काले ह्यूर' म्हणजे नुसतं घराचं भाडं. वीज, पाणी, गॅस त्यात धरलेलं नसतं. म्हणून विचारा, "इस द ह्यूर इन्क्लुसीफ?" म्हणजे भाड्यात सगळं आलं का? १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या करारांत डिपॉझिट दोन महिन्यांच्या काले ह्यूरपेक्षा जास्त घेता येत नाही. कोणी जास्त मागितलं, तर हा नियम सांगा.

आपण इथे खोली बघताना नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतो. तिथे तितकाच मोठा प्रश्न आहे, "कान इक म हीर इन्स्ख्रैवन?" म्हणजे या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का? चार महिन्यांहून जास्त राहायचं असेल, तर पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत, म्हणजे 'खमेन्ते'त, नाव नोंदवावं लागतं. त्या नोंदणीतून 'बीएसएन' नावाचा नागरिक क्रमांक मिळतो. पगार, बँक, दवाखान्याचा विमा, सगळं त्यावर चालतं. घरमालक नोंदणीला नाही म्हणाला, तर घर कितीही देखणं असो, पुढचं घर बघा.

आणि फोटो बघून कधीच पैसे पाठवू नका. परदेशातून येणाऱ्यांना फसवणारे तिथेही आहेत. ठामपणे म्हणा, "इक विल हेत एर्स्त झीन." मला आधी घर बघायचंय.

उच्चार थोडा चुकला तरी चालेल, समोरच्याला कळतं. हे शब्द एका कागदावर लिहा आणि परदेशी निघालेल्या लेकीच्या, सुनेच्या पर्समध्ये पासपोर्टसोबत ठेवा. परक्या गावात सही करताना कशावर सही करतोय, हे तिचं तिला कळलं पाहिजे.