मांडीवरचं बाळ आणि विमानातला पट्टा

आज मी विमानाबद्दल बोलणार आहे. हसू नका! आपल्या बचत गटातल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना आता तान्ही बाळं घेऊन विमानानं जातात. कुणाचा मुलगा फौजेत, कुणाचा जावई दुबईला. म्हणून हे आपल्याला माहीत हवं.

मागच्या वर्षी मी सुनेबरोबर पुण्याहून दिल्लीला गेले. मांडीवर अकरा महिन्यांचा नातू. विमानात बसल्यावर तिथली ताई बाळासाठी एक छोटा पट्टा घेऊन आली. पट्टा बघून नातू रडायला लागला. मी म्हटलं, "राहू द्या ताई, आम्ही धरतो की. तीन लेकरं वाढवलीत मी." ती म्हणाली, "आजी, तुम्ही धराल हो, पण झटका काही सांगून येत नाही." आणि पट्टा लावूनच गेली.

दिल्ली जवळ आली आणि विमान असं काही हादरलं, की सुनेच्या हातातली बाटली उडून पुढच्या रांगेत पडली. बाळ मांडीवरून वर उचललं गेलं, ते पट्ट्यानं अडवलं. माझा हात त्याच्या पायावर होता. पण खरं सांगते, हाताला कळायच्या आत सगळं होऊन गेलं.

असं का होतं? झटका पाचपट जोराचा बसला, तर दहा किलोचं बाळ आपल्या हाताला पन्नास किलोचं लागतं. म्हणजे सिमेंटची एक गोणी! ती कोण धरून ठेवणार? माया कितीही असली तरी हाताची ताकद तेवढीच.

अमेरिकेतली एक खरी गोष्ट सांगते. 19 जुलै 1989 रोजी आयोवा राज्यातल्या सू सिटी इथं एक मोठं विमान कोसळलं. त्यात 296 माणसं होती, 112 गेली. मांडीवरची मुलं चार होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे आयांना सांगितलं गेलं, की बाळाला पायाशी जमिनीवर ठेवून धरा. धक्का बसताच मुलं हातातून सुटली. एक लहानगी सामानाच्या कप्प्यात सापडली. तिचं रडणं ऐकून एक प्रवासी धुरानं भरलेल्या विमानात परत शिरला आणि तिला घेऊन आला. पण एक लहान मुलगा दगावला. ज्या मुख्य सेविकेनं त्या सूचना दिल्या होत्या, त्या जॅन ब्राउन. त्या वाचल्या, आणि पुढं कित्येक वर्षं एकच मागणी करत राहिल्या, की प्रत्येक बाळाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा हवा. तिथलं सरकार म्हणालं, वेगळं तिकीट सक्तीचं केलं तर लोक मोटारीनं जातील, आणि रस्त्यावर जास्त जीव जातील. म्हणून दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, हा नियम तिथंही राहिला.

आता आपण काय करायचं?

ऐपत असेल तर बाळासाठी वेगळी सीट घ्या आणि मोटारीत लावतात ती लहान मुलांची खुर्ची न्या. सगळ्यात सुरक्षित तेच. मात्र कुठली खुर्ची चालते, ते तिकीट काढतानाच विचारा.

बाळ मांडीवर असेल तर छोटा पट्टा मागून घ्या. आपला पट्टा त्याच्या फासातून ओवायचा आणि छोटा पट्टा बाळाच्या पोटाभोवती लावायचा. ताईकडून नीट दाखवून घ्या, लाजू नका. आपल्याच पट्ट्यात बाळाला कधीही गुंडाळू नका. झटक्यात आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं.

लांबच्या प्रवासात काही विमानांत पाळणा मिळतो. पट्ट्याचा दिवा लागला, की झोपलेलं असलं तरी बाळाला उचलून पट्टा लावा.

जमलं तर खिडकीजवळ बसा. वाटेच्या कडेला गरम चहा सांडतो, गाडीखाली बोटं चेंगरतात.

वरून प्राणवायूचा मुखवटा खाली आला, तर आधी आपण लावा, मग बाळाला. आपणच बेशुद्ध पडलो तर बाळाला कोण लावणार? बाळासाठी जादा मुखवटा प्रत्येक रांगेत मोजकाच असतो. म्हणून दोन बाळांना एका बाकावर बसवत नाहीत. जागा बदलायला सांगितलं तर वाद घालू नका.

विमान खाली येताना कान दुखतात, तेव्हा पट्टा तसाच ठेवून बाळाला अंगावर पाजा. आणि बाळाच्या वयाचा दाखला जवळ ठेवा.

बायांनो, विमान पडतं म्हणून हे सांगत नाही. विमानाचा प्रवास रस्त्यापेक्षा सुरक्षितच आहे. पण हादरे बसतात, आणि ते बाळालाही बसतात. गटातली कुणी जाणार असेल, तर तिला हे आधीच सांगा. आणि तालुक्याला जाताना जीपच्या पुढच्या सीटवर मूल मांडीवर घेऊन बसतो ना आपण? तिथंही हात तेवढेच पुरतात. लेकराला मागच्या सीटवर घ्या.

येते. नमस्कार.