गार्डाच्या डब्याची कुळकथा

मालगाडी जाताना मोठी माणसं इंजिन बघतात, मुलं डबे मोजतात. शेवटी येणाऱ्या गार्डाच्या डब्याकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं. मी गझल लिहिणारा माणूस. शेराचा सगळा भार शेवटच्या शब्दावर असतो, एवढं मला कळतं. म्हणून यार्डात गंजत उभी असलेली ब्रेकव्हॅन दिसली, की परवानगी काढून मी तिच्याखाली डोकावतो. तिची कुळकथा तिथं थराथरानं लिहिलेली असते.

सगळ्यांत जुना थर हातब्रेकचा. डब्यात एक चाक. ते आवळलं की खालची आटेदार दांडी ताणली जाते आणि लोखंडी ठोकळे चाकांवर दाबले जातात. जुन्या मालगाडीत ब्रेक मुख्यतः इंजिनाला आणि या डब्याला. ड्रायव्हरनं शिट्टी द्यायची, गार्डानं चाक आवळायचं. बोरघाटातून १८६३ साली गाडी सुरू झाली. तिथला चढ ३७ फुटांत १ फूट. अशा उतारावर मागून गाडी धरून ठेवणं म्हणजे काय, याची कल्पनाच करावी.

दुसरा थर व्हॅक्यूमचा. इंजिन गाडीभर जाणाऱ्या नळीतली हवा ओढून घेई. हवा नसेल तोवर ब्रेक सुटलेले. नळी तुटून हवा शिरली की ते आपोआप लागत. हे ‘आपोआप’ फार महागात मिळालं आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा इथं मुलांच्या सहलीची गाडी चढावर अडली. तिच्या व्हॅक्यूम ब्रेकचं काम उलटं होतं : नळी सुटली की ब्रेकही सुटत. गाडी मधोमध तोडली. मागचे दहा डबे ब्रेकव्हॅनच्या हातब्रेकवर आणि चाकांखालच्या दगडांवर विसंबून राहिले. इंजिनाचा हलकासा धक्का बसला, ते डबे उतारानं मागं धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत पुष्कळ लहान मुलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले.

तिसरा थर दाबाच्या हवेचा. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८६९ मध्ये एअरब्रेकचं पेटंट घेतलं. आपल्याकडे मालगाड्यांवर तो रुळला विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. आता नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब. तो घटला की ब्रेक लागतात. एखाद्या जुन्या डब्याच्या सांगाड्यावर बोल्टांची रिकामी भोकं दिसली, तर पूर्वी तिथं काय बसवलेलं होतं, हे विचारावं. बाजूला रंगवलेली दुरुस्तीची तारीख आणि कारखान्याची खूणही वाचावी.

जानेवारी २०२२ मध्ये गार्डाचं नाव ‘ट्रेन मॅनेजर’ झालं. शेवटच्या डब्याला लावलेलं यंत्र आता नळीतला दाब रेडिओवरून थेट इंजिनात कळवू शकतं. यंत्राशी माझं भांडण नाही. आर्मा आठवलं की तसं भांडण करवतही नाही. पण दाब सांगणाऱ्या यंत्राला, रात्री एकट्यानं मागं बसून तापलेल्या धुरीचा वास ओळखणारा माणूस आठवणार नाही. आपल्या गावात निवृत्त गार्ड असतील. डबे भंगारात जाण्याआधी त्यांच्याजवळ बसा, आणि ते सांगतील ते उतरवून घ्या.