स्त्रियांचे कर्करोग : लक्षणांपूर्वीचा काळ
(वार्षिक सभेत स्त्रीरोग विभागाच्या वतीने दिलेले व्याख्यान)



स्त्रीच्या जननसंस्थेच्या कर्करोगांपैकी भारतात गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि होण्यापूर्वीच रोखता येण्याजोगाही तोच आहे. म्हणून आज त्याविषयी अधिक बोलणार आहे.

त्याचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गात असते. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. परंतु तो इतका सर्वसामान्य आहे की त्यावरून कोणाच्या चारित्र्याविषयी तर्क करणे अन्यायाचे होय. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. टिकून राहिल्यास कर्करोग होण्यास बहुधा दहा-वीस वर्षे लागतात. लहान वयातील विवाह, अनेक बाळंतपणे, धूम्रपान आणि एचआयव्हीमुळे क्षीण झालेली प्रतिकारशक्ती यांमुळे धोका वाढतो.

या मधल्या वर्षांचा उपयोग कसा करता येतो, हे आपल्याच मुंबईने दाखवून दिले आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली शहरातील झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देण्यात आले. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावायचे आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे, एवढीच तपासणी. तीही दोन वर्षांतून एकदा. बारा वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. तुलनेच्या गटाला केवळ माहिती दिली गेली, यावर पुढे टीकाही झाली. ती अस्थानी नव्हती.

भांडुपच्या टेकडीवरील वस्त्यांनाही परवडेल अशी ही तपासणी आहे. ती प्रसूतीपेक्षा पुष्कळ सोपी असते. अडथळा असतो तो संकोचाचा. पाळी गेलेल्या स्त्रियांत मात्र तपासायचा भाग आत सरकतो, म्हणून त्यांच्यासाठी विषाणूची चाचणी अधिक उपयोगी ठरते. मुलींसाठी लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

आता लक्षणांविषयी. संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही गर्भाशयमुखाची लक्षणे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याला ‘पाळी परत आली’ असे म्हणून सोडून देऊ नये. दर वेळी तो कर्करोगच असतो असे नाही. तथापि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा याच खुणेने प्रकट होतो. स्थूलता, मधुमेह आणि अपत्यहीनता यांच्याशी त्याचा संबंध आहे.

बीजांडकोशाचा कर्करोग मात्र फसवा. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवी होणे. घरोघरी याला पित्त किंवा गॅस म्हणतात. अशी तक्रार नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज राहिली, तर पित्ताच्या गोळीवर न थांबता सोनोग्राफी करावी. आई किंवा बहिणीला बीजांडकोशाचा अथवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगावे.