रोपणानंतरची कावीळ

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्याकडे कोणाचे डोळे पिवळे दिसले की सल्ला देणारे लगेच जमतात. कोणी झाडपाल्याचे औषध सांगतो, कोणी गळ्यात माळ घालावयास सांगतो, तर कोणी कावीळ उतरविणाऱ्याचा पत्ता देतो. साधी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. परंतु मूळ पेशींचे रोपण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हीच सवय जिवावर बेतू शकते. आज मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया यांसारख्या आजारांत रुग्णाच्या हाडांतील बिघडलेला मगज प्रखर औषधांनी नष्ट करतात आणि दात्याच्या निरोगी मूळ पेशी शिरेवाटे देतात. भारतात असे पहिले रोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली झाले. या शास्त्राचा पाया घालणारे डॉ. डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र मगज नवा मिळाला तरी यकृत जुनेच असते आणि त्या प्रखर औषधांचा मारा त्यालाही सोसावा लागतो.

पहिला धोका साधारणपणे पहिल्या तीन आठवड्यांतला. यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर औषधांनी सुटते, वाटा तुंबतात आणि रक्त पुढे सरकत नाही. मग वजन वाढू लागते, उजव्या बरगडीखाली दुखते, पोटात पाणी साठते, बिलिरुबिन २ मिलिग्रॅमच्या वर जाते. वजन बहुधा आधी वाढते, डोळे मागाहून पिवळे होतात. मुलांत तर कधी कधी ते पिवळे होतही नाहीत. दिलेल्या प्लेटलेट टिकेनाशा होतात, हीदेखील एक खूण. डॉप्लर सोनोग्राफीने मदत होते. तुकडा काढून तपासणे आवश्यक झाले, तर रक्तस्रावाच्या भीतीने पोटातून सुई न घालता मानेच्या शिरेतून यकृतापर्यंत जातात.

आता एक गोष्ट ऐका. हाच विकार रोपणाचे युग येण्यापूर्वी जमैका बेटावरील मुलांत आढळला होता. तेथे रानपाल्याचा काढा पिण्याची चाल होती. आपल्या देशातही १९७५ च्या सुमारास, त्या वेळी मध्य प्रदेशात असलेल्या सरगुजा भागात याची साथ आली. खाण्याच्या धान्यात खुळखुळ्याच्या जातीच्या रानवनस्पतीचे बी मिसळले गेले होते. अनेकांची पोटे पाण्याने फुगली, कित्येक दगावले. म्हणजे ज्या झाडपाल्याला आपण निरुपद्रवी समजतो, त्यातील काही जाती यकृताच्या नेमक्या त्याच वाहिन्या बंद करतात! रोपणाच्या रुग्णाला चोरून काढा देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

या विकारात मीठ व पाणी यांचा काटेकोर हिशेब ठेवतात. गंभीर रुग्णास डिफायब्रोटाइड देतात. युरोपात २०१३ साली व अमेरिकेत २०१६ साली त्यास मान्यता मिळाली. त्याने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून निदान पक्के लागते. सौम्य विकार बहुधा ओसरतो. परंतु मूत्रपिंड व फुप्फुसे गुंतली की प्राण वाचविणे फार कठीण होते.

दुसरे कारण अगदी निराळे. दात्याच्या पेशी रुजल्या की कधी त्या रुग्णाच्याच शरीराला परके समजून पित्तनलिकांवर हल्ला करतात. सोबत अंगावर पुरळ व जुलाब असतात. येथे स्टिरॉइड देऊन त्या पेशींना आवरावे लागते.

तिसरे कारण हिपॅटायटिस बी. यकृतात दडून बसलेला विषाणू प्रतिकारशक्ती दबली की उसळतो, आणि स्टिरॉइडने त्याला अधिकच मोकळे रान मिळते. म्हणूनच रोपणापूर्वी रुग्ण व दाता दोघांचेही रक्त तपासतात आणि गरज असल्यास एन्टेकॅविर किंवा टेनोफोविर आधीच सुरू करतात. बरे वाटले म्हणून ही गोळी मनाने बंद करू नये.

याखेरीज बुरशीवरील व इतर औषधांनीही यकृत बिघडते. थॅलेसेमियाच्या मुलांत प्रत्येक बाटली रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते व यकृतात साठते. रोपण यशस्वी झाल्यावर ठरावीक अंतराने थोडे थोडे रक्त काढून हा साठा कमी करता येतो. अशा मुलाला ‘अशक्त दिसतो’ म्हणून लोहाचे टॉनिक पाजू नका.

मित्रहो, कावीळ एक, पण कारणे अनेक. आणि एकाचा उपचार तो दुसऱ्याचा घात. तेव्हा घरी आल्यावर रुग्णाचे वजन रोज सकाळी एकाच काट्यावर करून वहीत लिहा. वजन वाढले, लघवी गडद झाली, पुरळ वा जुलाब दिसले, तर त्याच दिवशी रोपण केंद्राला कळवा. आणि मावशीने दिलेली पुडी असो की शेजाऱ्याने दिलेला काढा, पोटात गेले असेल ते डॉक्टरांपासून लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने झाकलेली गोष्ट पुढे फार महाग पडते.

आपल्या संस्थेने आपल्याला लिहावयास शिकविले. ते अक्षर या वहीच्या कामी आले, तर एखादे मूल वाचेल.