न आलेल्या संदेशांची मोजणी

२५ डिसेंबर २०२५पासून आपल्या पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. धावपट्टी नवी, पण विमानांनी आपला ठावठिकाणा कळवायची वारंवारता जुनीच, १०९० मेगाहर्ट्झ. मुंबईच्या जुन्या विमानतळावरची विमानंही तिच्यावरच बोलतात.

या माहितीचं मोल फार महागात कळलं. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान दिसे, त्याची उंची दिसत नसे. आता विमानातला ट्रान्सपाँडर उंचीसकट स्थान सेकंदाला साधारण दोनदा आपणहून सांगतो. शिवाय रडारनं विचारलं की उत्तर, शेजारच्या विमानातल्या टक्करप्रतिबंधक यंत्रणेनं विचारलं की पुन्हा उत्तर.

आणि दुसरं कुणी बोलतंय का, हे आधी कुणीच बघत नाही! चौकशीच्या खिडकीशी होतो तसा गलका. एक संदेश जेमतेम १२० मायक्रोसेकंदांचा. असे हजार संदेश सेकंदाला आले, तर वेळ व्यापला जातो बारा टक्केच. तरी शंभरातले एकवीस संदेश दुसऱ्या कुणावर तरी आदळतात. कारण आदळणारा थोडा आधी निघालेला असो की थोडा नंतर, नुकसान तेच.

मग ही गर्दी मोजायची कशी? जमिनीवरच्या आपल्या रिसीव्हरला मिळालेले संदेश मोजणं सोपं, पण फसवं. गलका फारच वाढला की उलगडणारे संदेश उलट घटतात, आणि आकडा पाहून वाटतं, आभाळ मोकळं झालं. म्हणून मोजायचे ते न आलेले. एका विमानाचे दहा सेकंदांत वीस यायला हवे होते, बारा आले. आठ कुठे गेले?

इथे पनवेलकरांची खास अडचण. पूर्वेला प्रबळगड, माथेरान. त्यांच्या आडोशाला, खालून जाणाऱ्या विमानाचा संदेश गर्दी नसतानाही पोचत नाही. तेव्हा उंचावरची विमानं निवडावीत, आणि तीच दिशा, तेच अंतर धरून वर्दळीच्या वेळेची गळती निवांत वेळेशी ताडून पाहावी. दोन्ही वेळी सारखीच असेल, तर दोष डोंगराचा. वर्दळीत वाढली, आणि लांबच्या क्षीण संदेशांत जास्त वाढली, तर गर्दीचा.

आणि गर्दी आवरायची कशी? टक्करप्रतिबंधक यंत्रणेला आसपास आपल्यासारख्या पुष्कळ आहेत असं कळलं, की ती स्वतःच विचारणा आवरती घेते. रडारना मात्र किती विचारायचं ते नेमून द्यावं लागतं.