बेंगळुरूचे वैमानिक, मॉस्कोचा हिवाळा
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या मराठी माध्यमाच्या शाळेच्या व्यासपीठावरून शिक्षणाविषयीच काही ऐकायला मिळावे, ही श्रोत्यांची अपेक्षा स्वाभाविक आहे. आजचा विषय प्रथमदर्शनी तिच्यापासून दूरचा वाटेल. बेंगळुरूत पारखून निवडलेले आणि मॉस्कोजवळच्या बर्फाळ वसाहतीत राहायला गेलेले भारतीय वायुसेनेचे वैमानिक हा तो विषय. परंतु हे वैमानिक तेथे जाऊन मुख्यतः काय करीत होते, असे विचारले, तर उत्तर सरळ आहे. ते शाळेत जात होते. आपापल्या क्षेत्रात पारंगत झालेली, युद्धाचा वा चाचणी-उड्डाणांचा अनुभव असलेली ही माणसे परक्या शहरात, परक्या भाषेत, पुन्हा पहिल्या इयत्तेत बसली. म्हणूनच त्यांची हकिकत शाळेच्या उत्सवात सांगण्याजोगी आहे.

प्रथम बेंगळुरूविषयी. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराची हवा सौम्य म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे जानेवारीतल्या रात्रीही पारा बहुधा पंधरा अंशांच्या आसपास राहतो. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना उभारला. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ तेच. त्या कारखान्याच्या परिसराला विमानपुरा हे नाव पडले. वैमानिकांच्या शरीराचा आणि मनाचा अभ्यास करणारी वायुसेनेची वैद्यकीय संस्था १९५७ मध्ये याच शहरात सुरू झाली. नव्या विमानांची परीक्षा घेणारे चाचणी वैमानिकही येथेच घडतात. त्यामुळे अंतराळात भारतीय माणूस पाठवण्याचा प्रश्न जेव्हा जेव्हा आला, तेव्हा निवडीची वाट बेंगळुरूवरूनच गेली.

अशी पहिली वेळ १९८२ मध्ये आली. सोव्हिएत संघाने आपल्या यानातून एका भारतीयाला नेण्याची तयारी दर्शवली होती. वायुसेनेतील उमेदवारांच्या कसून तपासण्या झाल्या. बेंगळुरूच्या केंद्रात उमेदवारांना केवळ कृत्रिम प्रकाश असलेल्या खोलीत बहात्तर तास कोंडून ठेवले होते, असे राकेश शर्मा यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. बंदिस्त जागेची सुप्त भीती कोणाच्या मनात दडली आहे का, हे त्यातून पाहायचे होते. अखेर दोघे निवडले गेले. १९७१ च्या युद्धात मिग-२१ उडवलेले, तेहतीस वर्षांचे राकेश शर्मा आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी रवीश मल्होत्रा. दोघांची रवानगी झाली ती मॉस्कोच्या ईशान्येस असलेल्या झ्व्योज्दनी गोरोदोक या वसाहतीत. तारकानगरी, असे त्या नावाचे मराठी करता येईल. युरी गागारिन यांच्या नावाचे अंतराळवीर प्रशिक्षण केंद्र तेथे आहे.

बेंगळुरू तेरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर मॉस्को जवळजवळ छप्पन्न अंशांवर. हा फरक नकाशावर बोटभर दिसतो. पण डिसेंबरात मॉस्कोचा दिवस जेमतेम सात तासांचा असतो. सकाळी कामाला निघताना अंधार आणि परततानाही अंधार. पारा आठवडेच्या आठवडे शून्याखाली असतो. इमारतींच्या आत मात्र नळांतून खेळवलेल्या गरम पाण्याने भरपूर ऊब असते आणि हवा कोरडी पडते. त्यामुळे एकच जाड कपडा तेथे उपयोगाचा नसतो. एकावर एक असे थर चढवायचे, आत गेल्यावर ते उतरवायचे आणि बाहेर पडताना पुन्हा चढवायचे, ही रोजची कसरत असते. प्रशिक्षणाच्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत बर्फ तुडवीत जावे लागे, ही शर्मा यांची आठवण आहे. ज्याच्या हाताला ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगाची सवय, त्याला घसरून न पडता शंभर पावले कशी चालावीत, हे आधी शिकावे लागले.

थंडीपेक्षा भाषेचे आव्हान मोठे होते. यानातील पाट्या रशियन, पाठ्यपुस्तके रशियन, शिक्षक रशियन आणि उड्डाणाच्या वेळी जमिनीवरून येणारा आवाजही रशियन. संकटाच्या क्षणी दुभाष्याची वाट पाहता येत नाही. म्हणून शर्मा रोज सहा-सहा, सात-सात तास रशियन शिकत आणि सुमारे तीन महिन्यांत कामापुरती भाषा त्यांना अवगत झाली. विमानाच्या कक्षात नजर फिरताच सगळी तबके वाचणारा माणूस येथे एकेक पाटी अक्षरे जुळवून वाचू लागला. निष्णाताला पुन्हा नवशिका होताना जो संकोच वाटतो, तो ओलांडल्याशिवाय ही विद्या हाती येत नाही.

येथे आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. रशियन लिपीत तेहतीस अक्षरे आहेत आणि त्या भाषेत नामांना सहा विभक्ती आहेत. विभक्ती म्हणजे काय, हे मराठी व्याकरण शिकलेल्या मुलाला नव्याने समजावून द्यावे लागत नाही. रशियनमध्ये दोनला द्वा म्हणतात, तीनला त्री, भावाला ब्रात आणि आईला मात्. संस्कृतातील द्वि, त्रि, भ्राता, माता यांच्याशी त्यांचे नाते कानालाच कळते. हिवाळ्याला रशियन माणूस झिमा म्हणतो. हा शब्द आणि आपले हिम व हेमंत हे शब्द एकाच प्राचीन मुळापासून आलेले आहेत. ज्या थंडीला आपण परकी समजतो, तिचे नावदेखील आपल्या घरातल्या शब्दाचे दूरचे भावंड निघते. स्वभाषेचे व्याकरण नीट शिकलेल्याला परकी भाषा अशी अधूनमधून ओळख देते.

तथापि केवळ वर्गात बसून हे शिक्षण पुरे होत नव्हते. अंतराळवीरांना हिवाळ्यातल्या जंगलात राहण्याचाही सराव दिला जातो. त्यामागे एक घडलेला प्रसंग आहे. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह यांनी अंतराळात यानाबाहेर पडून इतिहास घडवला. परंतु परतताना यानाची स्वयंचलित यंत्रणा चालली नाही. त्यांचे सहकारी पावेल बेल्यायेव्ह यांनी यान हाताने उतरवले आणि ते नियोजित स्थळापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पर्म प्रदेशातील घनदाट, बर्फाने भरलेल्या अरण्यात पडले. तेथे दोघांनी दोन रात्री काढल्या. पोशाखात साचलेल्या घामाने अंगावरचे कपडे ओले झाले होते. ते काढून, पिळून, पुन्हा घालावे लागले, कारण गोठत्या हवेत ओला कपडा शरीराची ऊब झपाट्याने ओढून घेतो. थंडीत घाम येऊ न देणे, हा धडा उष्ण प्रदेशातल्या माणसाला सहजासहजी सुचणारा नाही. शर्मा आणि मल्होत्रा तारकानगरीत शिकत होते, तेव्हा हेच लिओनोव्ह त्या केंद्राचे उपप्रमुख होते.

आता या हकिकतीतील सर्वांत कठीण भाग. गेले दोघे, यानात भारतीयासाठी जागा एकच होती. प्रशिक्षण साधारण मध्यावर आले असता शर्मा यांची निवड झाल्याचे कळवण्यात आले. मल्होत्रा राखीव राहिले. राखीव याचा अर्थ सुटका नव्हे. रोजचा अभ्यास तोच, बर्फातली पायपीट तीच, परीक्षा त्याच. शेवटच्या दिवशी सहकारी आजारी पडला, तर त्याच्या जागी तत्क्षणी बसता यावे, इतकी तयारी हवी. ती वेळ बहुधा येणार नाही, हे ठाऊक असतानाही ती तयारी पूर्णत्वाला न्यायची. ३ एप्रिल १९८४ रोजी बायकोनूरहून सोयुझ टी-११ यान उडाले आणि युरी मालिशेव्ह व गेन्नादी स्त्रेकालोव्ह यांच्यासह शर्मा साल्युत-७ या स्थानकात पोहोचले. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेले भारतीय पदार्थही त्यांच्याबरोबर गेले. सुमारे आठ दिवसांनी ते परतले. मल्होत्रा जमिनीवरच राहिले. पुढे राष्ट्राने त्यांना कीर्तिचक्र देऊन गौरवले. शर्मा हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मुख्य चाचणी वैमानिक झाले. त्या पदावरची काही वर्षे त्यांनी आपल्या नाशिकजवळ, ओझरला काढली आणि नंतर ते बेंगळुरूला गेले.

दुसरी वेळ यायला जवळजवळ चार दशके लागली. गगनयान मोहिमेसाठी वायुसेनेच्या वैमानिकांची पारख पुन्हा बेंगळुरूच्या त्याच वैद्यकीय संस्थेत झाली. निवडलेले चौघे, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला, हे सगळे पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी. १० फेब्रुवारी २०२० रोजी, भर हिवाळ्यात, तारकानगरीत त्यांचे शिक्षण सुरू झाले. त्याच महिन्यात त्यांना बर्फाच्छादित, दलदलीच्या अरण्यात तग धरण्याचा सराव देण्यात आला. महिन्याभरातच कोरोनाची साथ फैलावली आणि मार्चअखेर वर्ग थांबले. घरापासून हजारो किलोमीटरवर, सीमा बंद झालेल्या देशात, त्यांना आपापल्या खोल्यांत थांबावे लागले. १२ मे रोजी शिक्षण पुन्हा सुरू झाले. त्या उन्हाळ्यात पाण्यावर व गवताळ प्रदेशात उतरण्याचा आणि वजनविरहित अवस्थेचा सराव झाला. मार्च २०२१ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून ते परतले आणि बेंगळुरूच्या अंतराळवीर प्रशिक्षण केंद्रात पुढचा अभ्यास सुरू झाला.

या सगळ्या काळात देशाला त्यांची नावे ठाऊक नव्हती. ती जाहीर झाली २७ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे बर्फातल्या त्या पहिल्या धड्यानंतर चार वर्षांनी. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे जाणाऱ्या अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेत शुभांशु शुक्ला यांना जागा मिळाली आणि प्रशांत नायर राखीव राहिले. २५ जून २०२५ रोजी शुक्ला यांचे उड्डाण झाले. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचे दृश्य पुन्हा घडले. दोघांनी सारखीच तयारी केली, आणि गेला एक.

या हकिकतीतून शाळेने काय घ्यावे? मराठी माध्यमात मुलाला घातले, तर पुढे मोठ्या शहरात, परक्या भाषेत त्याचे कसे होईल, ही पालकांची चिंता खरी आहे आणि तिची थट्टा करता कामा नये. तिला उत्तर अभिमानाच्या घोषणेने मिळणार नाही. ते रोजच्या सहा-सात तासांच्या अभ्यासाने मिळेल. परकी भाषा वयाच्या तेहतिसाव्या वर्षीही शिकता येते. तिच्यासाठी निष्ठा लागते, लाज सोडावी लागते आणि शिकायचे कसे, हे आधी कोणत्यातरी भाषेत नीट कळलेले असावे लागते. ते कळणे मातृभाषेत सर्वांत सुकर होते. मराठी शाळेचे कर्तव्य येथूनच सुरू होते आणि ते येथेच संपत नाही. मराठी पक्की करून द्यावी, आणि त्याच कसोशीने इंग्रजीही द्यावी. गणित आणि विज्ञान समजून शिकवावे. यांपैकी एकही बाजू लंगडी ठेवून पालकांकडे विश्वास मागता येणार नाही.

दुसरी गोष्ट राखीव माणसाची. गेल्या साठ वर्षांच्या हजेरीपटांवर जी नावे आहेत, त्यांतील काही वर्तमानपत्रांत झळकली असतील. बहुतेकांची झळकली नाहीत. त्यांतील कोणी परिचारिका झाली असेल, कोणी एसटीचा चालक, कोणी गावाकडचा शिक्षक. त्यांनी केलेला अभ्यास वाया गेला, असे म्हणणाऱ्याने रवीश मल्होत्रा यांचे ते हिवाळे आठवावेत. उड्डाण एकाच्या वाट्याला आले. परंतु दुसरा तयार होता म्हणूनच ती मोहीम सुरक्षित होती. समाजाचेही तसेच आहे. वेळ येईल तेव्हा उभी राहतील अशी तयार माणसे गावोगावी लागतात, आणि ती शाळेतच घडतात.

उद्या या वर्गांतील एखादी मुलगी वैमानिक होईल आणि कामानिमित्त एखाद्या बर्फाळ शहरात बिऱ्हाड करील. तेथे तिला कपड्यांचे थर कोणीतरी शिकवील, घसरड्या वाटेवरची चालही शिकवील. नव्या भाषेचे पहिले अक्षर न संकोचता गिरवायची सवय मात्र तिने येथूनच न्यायला हवी. आपल्या शाळेने ती साठ वर्षे दिली, पुढेही देत राहावी, या सदिच्छेसह हे व्याख्यान येथे पूर्ण होते.