तलावाकाठची वाट बाईचीही

(अकोल्यातील एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण दारू, रेशन, नवऱ्याची मारहाण या प्रश्नांवर बोललो. आता मी जो विषय मांडणार आहे, तो काहीजणींना किरकोळ वाटेल. विषय आहे फिरायला जाण्याचा. संध्याकाळी पाण्याकाठी अर्धा तास मोकळं चालून येण्याचा.

आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही, पण पाणी आहे. अमरावतीला वडाळी आणि छत्री हे तलाव आहेत. इंग्रजांच्या काळात पाणीपुरवठ्यासाठी ते बांधले गेले. आज अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं पाणी मिळतं आणि तलावावर लोक फिरायला जातात. तुमच्या अकोल्यात तर गावाच्या मधून मोर्णा वाहते.

पाण्याकाठी बाई काही आज पहिल्यांदा जात नाही. पाणी भरायला ती गेली, धुणं धुवायला गेली, भुलाबाई शिरवायला गेली. पुढे नळ आले. डोक्यावरची घागर उतरली हे चांगलंच झालं. पण घागरीबरोबर बाहेर पडायचं निमित्तही गेलं. डोक्यावर घागर होती तेव्हा कुठे चालली म्हणून कोणी विचारत नव्हतं. आज तीच बाई रिकाम्या हातानं निघाली की सासू विचारते, "कायले चालली तलावावर? घरी काम नाई का?" पुरुष मात्र जेवून उठला की चक्कर मारायला निघतो. त्याला कोणी कारण विचारत नाही.

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या अकराजणी मिळून शहरातल्या एका तलावावर गेलो. एकीला लहानपणी पोलिओ झालेला, ती कुबडी घेऊन चालते. एक काकू पासष्टीच्या, गुडघे धरलेले. एकीच्या कडेवर लेकरू. फाटकाशीच तीन पायऱ्या होत्या, उतार नव्हता. बाजूला गाड्या आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले. त्यांच्यामधून चाकाची खुर्चीही गेली नसती. आत बाकडी होती, पण पहिलं बाकडं इतकं लांब की काकू मध्येच खाली टेकल्या. संडासाला कुलूप. दिवे अर्ध्या वाटेपर्यंतच. कुबडीवाली मैत्रीण फाटकाजवळच बसली. म्हणाली, "तुम्ही या फिरून, मी थैल्या पाहातो."

बायांनो, तिचे पाय अधू आहेत म्हणून ती बाहेर राहिली, असं आपण सहज म्हणतो. ते खरं नाही. ती त्या तीन पायऱ्यांमुळे बाहेर राहिली. पायऱ्या माणसानं बांधल्या आहेत, त्यामुळे त्या बदलता येतात.

मुंबईला गेलेल्यांनी मरीन ड्राइव्ह पाहिला असेल. तिथे सगळ्या प्रकारची माणसं का दिसतात? रस्त्याकडेची वाट सपाट आणि रुंद आहे. समुद्राच्या बाजूला लांबच लांब कट्टा आहे, दमलं की टेकायचं. दिवे आहेत, चर्चगेट स्टेशन जवळ आहे. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. पण चालणं सोपं करायला काय लागतं, ते तिथे दिसतं. यातली कुठलीही गोष्ट फार महागाची नाही.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. लोकांच्या वापराच्या जागा अपंगांना वापरता येतील अशा करा, असं तो सांगतो, आणि त्यात करमणुकीच्या आणि विरंगुळ्याच्या जागाही येतात. उताराचं माप सोपं आहे. एक फूट चढायचं असेल तर उतार निदान बारा फूट लांब हवा. त्याहून खडा केला तर खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना ती हातातून सुटते. हा उतार अपंगांपुरता नसतो. बाळाची गाडी घेतलेली आई, गरोदर बाई, गुडघेदुखीची आजी, सगळ्याच त्यावरून जातात.

पण नुसत्या उतारानं भागत नाही. घरचे म्हणतात, दिवस वाईट आहेत, जाऊ नका. भीती खोटी नाही. पण त्यावर बाईला घरात बसवणं हा उपाय नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायांच्या वावराचा अभ्यास केला. २०११ साली आलेल्या त्यांच्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात त्यांनी मांडलं की काही कारण नसताना रेंगाळण्याचाही बाईला हक्क आहे. जिथे बाया मोठ्या संख्येनं दिसतात, तिथे एकटीलाही धीर येतो. म्हणून काठावर शेंगा विकणारी, कणसं भाजणारी बाई हटवू नका म्हणा. तिचं पोट भरतं आणि वाटेवर एक ओळखीची नजर राहते. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याचं संरक्षण आहे.

१३ जानेवारी २०१८ ला मोर्णा साफ करायला अकोल्यातली हजारो माणसं जमली होती. जलकुंभी ओढून काढणाऱ्यांत बायाही होत्या. काठ साफ करायला बाई चालते, मग त्याच काठावर निवांत बसलेली बाई का चालू नये?

तेव्हा काम असं करू. आपापल्या मोहल्ल्यातल्या पाच-सहाजणींनी जवळच्या तलावावर, नदीकाठी किंवा बागेत जायचं. सोबत एक वयस्कर बाई आणि एक अपंग मैत्रीण हवीच. शिवणकामाचा टेप न्यायचा. पायऱ्या किती, फाटक किती रुंद, पहिलं बाकडं किती पावलांवर, संडास उघडा की बंद, दिवे कुठवर आणि ऑटो कुठपर्यंत येतो, हे लिहून काढायचं. त्याचा अर्ज करून महापालिकेत द्यायचा आणि पोच घ्यायची. २०११ पासून महाराष्ट्रात महापालिकेच्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. आपल्या वॉर्डातल्या नगरसेविकेला एका संध्याकाळी सोबत चालायला बोलवा. तिलाही त्या पायऱ्या चढू द्या.

आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी निघा. कोणी विचारलं, कायले चालली, तर सांगा, फिरायला चालली. एवढं कारण पुरेसं आहे.